पत्रकातलं सातवं वाक्य

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी होती आणि ती पत्रकांनी भरलेली होती. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, कडा उंदरांनी कुरतडलेली. जयंतीची, मोर्चाची, परिषदेची, हातपंपाची, वसतिगृहातल्या जेवणाची. बाबा घाटंजीच्या बाजारातून आले की पिशवीत भाजीच्या वर एखादं पत्रक असायचंच. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरूनच. मला वाचता आलेला पहिला शब्द "जाहीर" होता. बाबा बोट ठेवून वाचायचे, मी मागून ओरडायचे, "जाहीर निषेध!" माय चुलीपासून विचारायची, "कोनाचा निषेध करून राह्यले बापलेक? भाजी अळणी झाली काय?"

बाबांची एक सवय होती. कोणी काही सांगितलं की ते हात पुढे करून म्हणायचे, "कागद दाखव." अंगात आलेली बाई असो, गावातला मोठा शेतकरी असो की सरकारी बाबू. आजोबांच्या पिढीने देव टाकले, वेस ओलांडली, ते वाचायला शिकल्यामुळे, असं बाबा मानायचे. छापलेल्या अक्षरावर आमचा सगळ्यांचाच जीव होता.

बाबा फवारणीला जायचे. आम्हाला जमीन नव्हती. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या कपाशीत फिरायचं, हे त्यांचं पावसाळ्यानंतरचं काम. आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. औषध मारायला जातो, औषध आणलं, औषध संपलं. ती कपाशीची वाईट वर्षं होती. जे बियाणं घेतलं तर बोंडअळी लागत नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच बोंडातून गुलाबी अळी निघायला लागली. अळी मरेना म्हणून लोक एका पंपात दोन-तीन बाटल्या मिसळू लागले, वरून झाड वाढावं म्हणून टॉनिक. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. नळी धरलेला हात उंच करावा लागे आणि वर मारलेलं औषध वाऱ्याने खाली, मारणाऱ्याच्याच तोंडावर येई. वास सहन होत नाही म्हणून माणसं नाकाला ओला दुपट्टा बांधत. ओला कपडा विष गाळत नाही, धरून ठेवतो. दिवसभर नाकातोंडाशी. हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करून यवतमाळला एका छोट्या लॅबमध्ये लागले होते. शनिवारी घरी यायची. त्या हंगामात लॅबकडे एका तपासणीच्या चिठ्ठ्या वाढल्या. आधी ती तपासणी कधीतरीच यायची. कोलिनएस्टरेज. शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकर म्हणतात, त्या एन्झाइमांतलंच हे एक. मी हट्टाने त्याच्याबद्दल वाचलं आणि मला ते मोर्चावरून समजलं.

मोर्चात पुढचा माणूस घोषणेची अर्धी ओळ म्हणतो, गर्दी उरलेली म्हणते, मग क्षणभर शांतता होते. ती शांतता नसेल तर पुढची ओळ कोणाला ऐकू येणार? शरीरातही तसंच चालतं. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनातून. स्नायू आखडतो. लगेच हे विकर ते रसायन तोडून टाकतं आणि स्नायू सैल होतो. पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जातं. फवारणीतली काही विषं नेमकी ह्या विकरालाच धरून बसतात. मग शांतता करणारं कोणी उरत नाही. हुकूम सुटतच राहतो. डोळे गळतात, लाळ गळते, घाम फुटतो, दंडाची कातडी आत अळ्या असल्यासारखी वळवळते, डोळ्यातली बाहुली आवळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळीही अशीच मरते. अळीच्या आणि माणसाच्या शरीरात ह्या विकराचं काम एकच आहे.

हे कळल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी पत्रक लिहायला बसले. आयुष्यातलं पहिलं. माझ्या वयाच्या मुली नवं काही घेतल्यावर जशा आरशासमोर उभ्या राहतात, तशी मी त्या कागदासमोर बसले होते. फवारणाऱ्या प्रत्येक मजुराची रक्ततपासणी झाली पाहिजे, ती सरकारी दवाखान्यात फुकट झाली पाहिजे, मास्क आणि हातमोजे मालकाने दिले पाहिजेत. दहा वाक्यं. अडचण एकच होती. माणसं रक्त द्यायला घाबरत होती. रिपोर्टात काही निघालं तर कोणी कामावर बोलावणार नाही, ही धास्ती. त्यांचा धीर वाढावा म्हणून मी सातवं वाक्य लिहिलं: "तपासणीचा अहवाल नॉर्मल आला तर घाबरण्याचे कारण नाही."

घाटंजीत ज्यांच्याकडे आमच्या चळवळीच्या गटाची सगळी पत्रकं छापली जात, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. बाबांच्या पेटीतली निम्मी पत्रकं त्यांच्याच मशीनवरून उतरलेली. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी माझा मजकूर वाचला.

"बेटी, बाकी सब बराबर हाय. उद्गारचिन्हं थोडी कमी कर, लोकाले वाटन कोनी मागं लागलं. हे सातवं जे हाय, ह्याची गॅरंटी कोन देते?"

"विज्ञान देते, चाचा."

"मंग त्याले बोलाव, म्हनाव खाली सही कर."

मी हसले. त्यांनीही हसून चष्मा खाली ओढला आणि छापायला घेतलं.

पत्रक सात-आठ गावांत गेलं. एका रविवारी आमच्या गावच्या विहारात आम्ही रक्त घ्यायला बसलो. सुई माझ्याच हातात होती. ओळीतली माणसं ऐकवत होती. "पोरी, रक्त काढून राह्यली का कापूस वेचून राह्यली? सांज होते ना!" दुसरा म्हणाला, "बापाचं आधी काढ. घरचं निघालं तर मंग आमचं." बाबा पुढे झाले, बाही वर केली आणि सभेत हात उंचावतात तसा हात पुढे केला.

पुढच्या शनिवारी मी रिपोर्ट घेऊन घरी गेले. ते मीच टाइप केले होते. बाबांचा आकडा दिलेल्या मर्यादेत होता, खालच्या कडेला, पण आत. समोर नॉर्मल लिहिलं होतं. तो कागद त्यांच्या हातात देताना मला मोठं काही केल्यासारखं वाटलं.

बाबा ओट्यावर बसले होते. दोन दिवस डोकं दुखत होतं त्यांचं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डाव्या डोळ्याची पापणी सारखी उडत होती. माय पाण्याचा गडू घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"उद्या जाऊ नका," ती म्हणाली. "डोयातली बाहुली पाहा कशी झाली. तिळाएवढी."

"उन्हानं झाली असन."

"आता कुठं हाय ऊन? सावलीत बसले तरी बारीकच. कालपासून पाहून राह्यली मी."

"तुह्याजवळ कागद हाय का?" बाबा म्हणाले. "माह्याजवळ हाय." त्यांनी खिशातून रिपोर्ट काढला. मग घडी घातलेलं माझं पत्रक काढलं, मांडीवर सरळ केलं आणि बोट ठेवून सातवं वाक्य मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काय वं पोरी? बरोबर ना?"

माय माझ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. माझ्या पुस्तकात बाहुली आवळण्याबद्दल लिहिलेलं होतं, मी ते वाचलेलं होतं, आणि तीच गोष्ट माय मला समोर बोट करून दाखवत होती. पण हातात आकडा होता.

"बरोबर हाय, बाबा," मी म्हणाले.

सोमवारी दुपारी लॅबमध्ये फोन आला. बाबा वावरात, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात पडले. सोबतच्या माणसांनी मालवाहू ऑटोत घालून तालुक्याला नेलं, तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी धावत पोचले तेव्हा त्यांचे कपडे काढून अंग धूत होते. त्या वासाने माझे डोळे चुरचुरले. छातीतून घरघर येत होती. मी वाकून त्यांचे डोळे पाहिले. बाहुल्या तिळाएवढ्या.

अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली. ते सुटलेल्या हुकुमांपैकी काहींना अडवतं, छातीतलं पाणी सुकवतं. विकराला मात्र मोकळं करत नाही. त्यासाठी वेगळं औषध असतं आणि ते लवकर द्यावं लागतं. विष आणि विकराची गाठ एकदा घट्ट बसली की ती सुटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच इंजेक्शनांनी बाबांची बाहुली मोठी झाली, तोंड कोरडं पडलं, आणि ते भ्रमात गेले. चादरीवरून बोटांनी काहीतरी उचलत राहिले, उचलून कमरेशी टाकत राहिले. माय पायाशी उभी होती. "कापूस वेचून राह्यले," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला नाही. वेचू दिला.

वॉर्डातली डॉक्टर माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने विचारलं, "आधीचा काही रिपोर्ट आहे का ह्यांचा?"

मी विहारातल्या शिबिराचा कागद पुढे केला. तिने आकडा पाहिला, तारीख पाहिली.

"हा तर फवारणी चालू असतानाचा. सुरू व्हायच्या आधी किती होतं?"

"आधी केलीच नव्हती. पण नॉर्मल आहे ना?"

"कोणाचं नॉर्मल? ही मर्यादा अनेक माणसांच्या आकड्यांवरून ठरते. एखाद्याचं मुळातच दुप्पट असतं. त्याचं निम्मं गेलं तरी तो ह्या दोन आकड्यांच्या आतच दिसतो. ज्याचं त्याच्याशी ताडून पाहावं लागतं." मग तिने कागद परत देताना विचारलं, "तू काय करतेस?"

"लॅबमध्ये आहे."

ती पुढच्या खाटेकडे वळली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस मी त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. वेळ मिळाला की ती डॉक्टर बाहेर यायची आणि मी तिला प्रश्न विचारायची, कारण प्रश्न विचारले नाहीत तर मी स्वतःशी एकटी पडायची. तिने सांगितलं की आपण रक्तात मोजतो ते विकर मज्जातंतूंवरचं नसतं, त्याचं भावंड असतं. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारं. जुनी पुस्तकं त्याला खोटं म्हणतात, कारण शरीरात त्याचं नेमकं काम काय ते कोणाला नीट सांगता येत नाही. पण विष आत आलं की ते ह्याला चिकटतं. ह्याचा एक कण विषाचा एक कण धरतो आणि कामातून जातो. तेवढंच विष पुढे खऱ्याकडे पोचत नाही. म्हणून संशोधक प्रयत्न करतात की हे विकर लोकांनी दिलेल्या रक्तातून वेगळं काढावं, साठवावं आणि विषबाधा झालेल्याला टोचावं. काही जण विषाचे तुकडेच करणारी दुसरी विकरं शोधतात.

"मग माझं रक्त घ्या," मी म्हणाले.

"तसं नाही होत. एका इंजेक्शनला खूप माणसांचं रक्त लागतं. आणि अजून ते खाटेपर्यंत आलेलं नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "जास्त विचार झाला तो सैनिकांसाठी. लढाईत विषारी वायू सोडला तर आधीच टोचून ठेवता यावं म्हणून."

मला इतका राग आला की मी उभी राहिले. आतल्या वॉर्डात खाटांवर पडलेली माणसं कोणत्या लढाईला गेली होती? लोकांच्या अंगावर कापड यावं म्हणून ती कपाशीत शिरली होती. त्यांच्यासाठी आधीच टोचून ठेवण्याचा विचार कोणाला सुचायला हवा होता?

तिनेच आणखी एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. ह्याच विकराला हलकंसं आवरणारी औषधंही आहेत. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती देतात. हुकुमाचं रसायन मेंदूत थोडं जास्त वेळ टिकतं आणि काहींची आठवण काही काळ जरा बरी राहते. एकच विकर. त्याला मापात आवरलं तर माणूस नातवाला ओळखतो. बेमाप आवरलं तर कपाशीच्या तासात पडतो.

बाबा वाचले. घरी आले. दोन-तीन आठवड्यांनी तळपाय बधिर झाले, पंजा उचलेना. चालताना चप्पल पायातून मागे राहायची आणि त्यांना कळायचं नाही. माय मागून चप्पल उचलून आणायची.

एका दुपारी मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, ते सातवं वाक्य चुकीचं होतं."

"छापलं होतं ना?"

"मीच छापलं होतं."

"मले वाटलं, छापन्याच्या आधी कोनी पाह्यते."

"चाचांनी विचारलं होतं."

"मंग?"

"मी ऐकलं नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

आमच्या गटाच्या बैठकीत मी म्हटलं, दुसरं पत्रक काढू, चूक कबूल करू. एकजण म्हणाला, कायले? जुनं वाटणं बंद करू, विषय संपला. विरोधक हसतील, म्हणतील ह्यांनाच काही कळत नाही. माझा तोल गेला. "लहानपणापासून जाहीर माफी मागा, जाहीर माफी मागा म्हणत आलो. ती फक्त दुसऱ्यांनी मागायची का?" बैठक मोडली. पत्रक मी माझ्या एकटीच्या नावावर काढलं. चाचांनी ह्या वेळी काही विचारलं नाही. चुकीची कबुली खाली बारीक अक्षरांत होती, ती त्यांनी उचलून वर मोठ्या अक्षरांत घेतली. कबुलीखालचं पहिलं वाक्य होतं: "फवारून आल्यावर घरच्या माणसाला डोळे पाहू द्या, बाहुली बारीक दिसली तर कोणताही कागद न पाहता दवाखाना गाठा." त्याखाली: "रक्त हंगामाच्या आधी, अंग चांगलं असताना तपासा, आणि तो आकडा जपून ठेवा." मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डोयाचं हे छापा लागते काय? साऱ्या बाया पाह्यतेच. आइकत नाही कोनी."

वैशाखात बाबांचं रक्त पुन्हा तपासलं. फवारणी बंद होऊन खूप महिने झाले होते. आकडा शिबिरातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्हींवर नॉर्मल लिहिलेलं होतं.

नवं पत्रक जुन्याइतकं पोचलं नाही. ते वाटायला गट नव्हता, मी होते आणि स्कूटी होती. पुढच्या हंगामात कपाशी गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मी बाबांना मागे बसवून गावोगाव फिरू लागले. त्यांनीच हट्ट धरला होता. घाटंजीच्या पलीकडच्या एका गावात मला एका घराच्या भिंतीवर, फवारणीच्या पंपाच्या बरोबर वर, माझं पहिलं पत्रक दिसलं. कणकेच्या खळीने पक्कं चिकटवलेलं. मी स्कूटी लावली आणि नखांनी खरवडायला लागले.

आतून एक माणूस आला. "काहून फाडून राह्यली वो? छापलेलं हाय ते."

"मीच लिहिलं आहे, दादा. चुकीचं आहे. हे नवं घ्या."

त्याने नवं हातात घेतलं, जुन्याकडे पाहिलं. "हे बी तूनंच लिहिलं? मंग ह्याच्यावर कायले ईस्वास ठेवू?"

बाबा स्कूटीवरून उतरून, भिंत धरत, पाय ओढत आले. एका पायात चप्पल नव्हती.

"मी हिचा बाप," ते म्हणाले. "हिचं वाचूनच गेलतो मी वावरात. हे पाय पाहा." मग विचारलं, "औषध कधी मारलं?"

"सकायीच. काम मधातच सोडून घरी आलो, डोकं दुखून राह्यलं म्हणून."

"घरच्या बाईले बोलाव."

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांनी तिला सांगितलं, "डोये पाह्य त्याचे." तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. क्षणभर पाहिलं. "परवापासून सांगून राह्यली यायले," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बारीक हायत वो. लई बारीक."

आम्ही तिथेच अंगणात बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, साबण लावला, कपडे बदलले. तो "एवढं काय हाय, एवढं काय हाय" म्हणत राहिला आणि लाळ पुसत राहिला. मी त्याला स्कूटीवर बसवलं, मागे आधाराला त्याची बायको बसली. बाबांना जागा उरली नाही.

"जाय," ते म्हणाले. "मी बसतो इथंच."

गल्लीच्या वळणावर मी एकदा मागे पाहिलं. बाबा बसले नव्हते. बादलीत उरलेल्या पाण्यात दुपट्टा बुडवून ते भिंतीवरचं पत्रक भिजवत होते, आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवून ती आधी खरवडत होते.